शेवाळावरून हवेतले जड धातू: स्वीडनची जंगलं ते पोर्टलंडची काचभट्टी

कातळसडा

हवेच्या दर्जावरच्या चालू धाग्यात मी "हवा मोजायची यंत्रं कमी आहेत ना, मग मॉस बघा" असं एक वाक्य टाकलं होतं. त्यावर 'म्हणजे नक्की काय करायचं?' अशी विचारणा झाली. तिथं अवांतर वाढायला नको म्हणून हा वेगळा धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी एक खुलासा. इथं शेवाळ म्हणजे पाण्याच्या टाकीतलं बुळबुळीत हिरवं नव्हे. पावसाळ्यात कौलांवर, विहिरीच्या कठड्यावर, जांभ्याच्या गडग्यावर जो मऊ हिरवा थर चढतो ते मॉस. या वनस्पतीला खरी मुळं नसतात. खाली तंतू असतात, ते बहुतेक जागा धरून ठेवण्यापुरते. पान बहुतेक जातींत एका पेशीच्या जाडीचं, आणि वर मेणाचा थर जवळजवळ नाहीच. त्यामुळे तिचं खाणंपिणं वरून चालतं: पाऊस, धुकं, धूळ. पेशीभित्तिकेवर ऋणभार असलेल्या जागा भरपूर असतात. शिसं, तांबं, कॅडमियम यांचे धनभारित आयन तिथं येऊन बसतात आणि सहजी सुटत नाहीत. आंब्याच्या पानात शिसं सापडलं तर ते मातीतून आलं की हवेतून, यावर दोन तास भांडता येतं. मॉसच्या बाबतीत ते भांडण पुष्कळ लवकर मिटतं.

हे पद्धतशीरपणे सुरू झालं स्वीडनमध्ये, १९६० च्या दशकाच्या शेवटी. लुंड विद्यापीठातल्या ओके रूलिंग आणि गेरमुंड ट्युलर या दोघांनी जंगलातलं मॉस तर तपासलंच, पण मला भावलेला भाग हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा आहे. दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने प्रांतातली १८६० पासूनची वाळवून जपलेली मॉस त्यांनी काढली आणि त्यांतलं शिसं मोजलं. प्रमाण दोन टप्प्यांत चढलेलं निघालं. पहिला टप्पा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कोळसा आणि कारखाने वाढले तेव्हाचा. दुसरा दुसऱ्या महायुद्धानंतरचा, शिसंयुक्त पेट्रोलवर मोटारी धावायला लागल्या तेव्हाचा. १८६० साली हवेतलं शिसं मोजायला कुणीही बसलेलं नव्हतं. कुणा हौशी माणसानं मॉसचा झुपका कागदात गुंडाळून त्यावर गाव आणि तारीख लिहून ठेवली होती, तेवढ्यावर शंभर वर्षांचा आलेख उभा राहिला.

पुढे स्कँडिनेव्हियातल्या देशांनी हे एकत्र करायला घेतलं आणि १९९० पासून युरोपभर दर पाच वर्षांनी एक फेरी होते. यामागे १९७९ चा एक करार आहे, हवेतून दूरवर, एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या प्रदूषणाबद्दलचा. फेरीचा समन्वय बरीच वर्षं वेल्समधल्या बँगोरहून चालायचा, नंतर तो रशियातल्या दुबना इथल्या अणुसंशोधन संस्थेकडे गेला. २००५ च्या फेरीत २८ देश आणि जवळजवळ ६००० ठिकाणं होती. इतक्या ठिकाणी हवा खेचणारी यंत्रं बसवायची म्हटली तर कुठलंही सरकार हात जोडेल. मॉसला वीज लागत नाही, राखणदार लागत नाही आणि ते चोरीला जात नाही.

गोळा करण्याचे नियम मात्र कडक आहेत. मोठा रस्ता, गाव किंवा कारखाना यांपासून निदान ३०० मीटर लांब. छोटा रस्ता किंवा एकटं घर असेल तर १०० मीटर. झाडाच्या थेट छायेखाली नको, कारण पानांवरून निथळणारं पाणी स्वतःचे पदार्थ घेऊन येतं. पन्नास बाय पन्नास मीटरच्या पट्ट्यातून पाच ते दहा झुपके घ्यायचे आणि एकत्र करायचे. हातमोजे घालायचे, तेही पावडर नसलेले. सिगरेट ओढायची नाही, कारण तंबाखूच्या धुरात कॅडमियम असतं. प्रयोगशाळेत पालापाचोळा आणि माती चिमट्यानं वेचून काढायची, पण मॉस धुवायचं नाही. शेवटच्या तीन वर्षांची वाढ तेवढी कापून घ्यायची आणि ४० अंशांवर वाळवायची. जास्त तापवलं तर पारा उडून जातो.

निकाल काय? १९९० ते २०१० या काळात युरोपातल्या मॉसमधलं शिसं सुमारे तीन चतुर्थांशांनी उतरलं. कॅडमियम निम्म्यावर आलं. शिशाची घसरण कशामुळे हे उघड आहे, पेट्रोल. पारा मात्र फारसा हलला नाही. तो वायुरूपात महिनोन्‌महिने हवेत तरंगतो आणि पृथ्वीभर फिरतो, त्यामुळे एकट्या युरोपनं धुराडी साफ करून भागत नाही.

आता शहराची गोष्ट, जिच्यामुळे मी या विषयाकडे वळलो. अमेरिकेत ओरेगन राज्यातलं पोर्टलंड. तिथल्या हवेत कॅडमियम अंदाजापेक्षा जास्त आहे हे आधीपासून जाणवत होतं, ते येतं कुठून याचा पत्ता लागत नव्हता. २०१३ मध्ये अमेरिकी वनखात्याचे संशोधक जेफ्री डोनोवन आणि सारा जोव्हन यांनी शहरातल्या झाडांच्या खोडांवरचं ऑर्थोट्रायकम लायेली नावाचं मॉस खरवडून आणलं. ठिकाणं ३४६. डोनोवन पेशानं अर्थशास्त्रज्ञ आहेत, हे मुद्दाम सांगतोय. नकाशावर कॅडमियमचे दोन ठळक डाग आले आणि दोन्ही डागांच्या मध्यभागी रंगीत काच बनवणारा एकेक कारखाना निघाला. काचेला पिवळा, नारिंगी, लाल रंग आणायला कॅडमियमची संयुगं वापरतात आणि वितळलेल्या काचेतले बुडबुडे काढायला आर्सेनिक. भट्ट्यांना धूळ अडवणारे फिल्टर नव्हते, कारण केंद्राचे नियम अशा छोट्या भट्ट्यांना लागू नाहीत अशीच सगळ्यांची समजूत होती.

ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्यानं त्यातल्या एका कारखान्याजवळ यंत्र बसवलं. कॅडमियमची सरासरी राज्यानं ठरवलेल्या पातळीच्या ४९ पट आली, आर्सेनिकची दीडशे पटींहून जास्त. फेब्रुवारी २०१६ मध्ये हे लोकांना कळलं आणि शहर ढवळून निघालं. कारखान्यांनी ते धातू वापरणं थांबवलं, पुढे फिल्टर आले, आणि २०१८ मध्ये राज्यानं कारखान्यांच्या विषारी उत्सर्जनासाठी नवे नियमच केले.

माझं म्हणणं एवढंच आहे की मॉस हे यंत्राला पर्याय नाही. यंत्र कुठे ठेवायचं, ते मॉस सांगतं. पोर्टलंडमध्ये यंत्र आधीही होतं, चुकीच्या जागी होतं.

---

टवाळ_टोणगा

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर इतकं मॉस आहे की चेअरमनना आता 'राष्ट्रीय संशोधन केंद्र' अशी पाटी लावायला सांगतो. वॉटरप्रूफिंगचा खर्च वाचेल.

गंभीर प्रश्न: गोड्या मसाल्यात दगडफूल असतं ना? ते पण हेच का? आईनं कालच पाव किलो आणलंय आणि मी आता आमटीकडे संशयानं बघतोय.

---

कातळसडा

@टोणगा, दगडफूल म्हणजे लायकेन. बुरशी आणि शैवल एकत्र नांदतात तो प्रकार. मॉस वेगळं. पण शंका अगदीच फुकाची नाही, लायकेनसुद्धा मुळांशिवाय हवेतून सगळं घेतं आणि धातू साठवतं. प्रदूषण मोजायला लायकेनचाही वापर होतो. मात्र गंधकाच्या धुरापुढे बरीच लायकेन टिकतच नाहीत, म्हणून तिथं 'किती जाती उरल्या' हे मोजण्याची जुनी परंपरा आहे.

मसाल्यात पडतं चिमूटभर आणि ते येतं बहुतेक डोंगराळ जंगलातून. आमटी खा.

---

भट्टीवाला

धागा माहितीपूर्ण आहे, पण थोडं पाणी ओतू का? मी धातू वितळवणाऱ्या कारखान्यांत आयुष्य काढलंय आणि प्रदूषण मंडळाच्या तपासण्यांत टेबलाच्या या बाजूला बसलेलो आहे.

पहिली गोष्ट, मॉसचा आकडा येतो एक किलो वाळलेल्या मॉसमध्ये इतके मिलिग्रॅम असा. कायदा बोलतो एक घनमीटर हवेत इतके मायक्रोग्रॅम. या दोन्हींमध्ये सरळ गुणाकार-भागाकार नाही. कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला हा कागद उडवून लावेल.

दुसरी, पाऊस. जिथं जास्त पडतो तिथं जास्त धातू खाली येतात. महाबळेश्वरचं आणि वाईचं मॉस शेजारी ठेवून 'महाबळेश्वरची हवा वाईट' म्हणणार का?

तिसरी, धूळ. मॉस धुवायचं नाही म्हणता, मग त्यावर बसलेली माती पण मोजली जाणार. आपल्याकडे आठ महिने धूळच उडते.

आणि पोर्टलंडच्या ४९ पटीबद्दल: ती तुलना ज्या पातळीशी आहे ती जन्मभर रोज तीच हवा घेतली तर कर्करोगाचा धोका दहा लाखांत एकाने वाढेल अशा हिशोबाची असते. महिन्याभराचं मोजमाप तिच्याशी लावणं ठीक, पण वाचणाऱ्याला वाटतं की ४९ माणसं उद्या मरणार.

---

कातळसडा

भट्टीवाला साहेब, अशाच प्रतिसादाची वाट बघत होतो.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य, म्हणूनच मूळ लेखात यंत्राला पर्याय नाही म्हटलं. फक्त एक पुस्ती. आपल्या २००९ च्या राष्ट्रीय हवा-मानकांत १२ प्रदूषकं आहेत. त्यांत धातू म्हणावेत असे शिसं, आर्सेनिक आणि निकेल. कॅडमियम नाही, पारा नाही. मग कॅडमियमसाठी वकील कुठल्या आकड्याशी तुलना करणार? युरोपनं कॅडमियमला घनमीटरला ५ नॅनोग्रॅमचं लक्ष्य ठेवलं होतं. पोर्टलंडच्या त्या यंत्रावर सरासरी २९ च्या आसपास होती. म्हणजे अमेरिकी राज्याची कडक पातळी बाजूला ठेवली तरी प्रकरण साधं नव्हतं.

पाऊस: बरोबर, मॉस दाखवतं ते खाली काय पडलं. हवेत किती होतं ते त्यातून थेट निघत नाही. त्यामुळे तुलना सारख्या पावसाच्या पट्ट्यात करायची. पोर्टलंडसारख्या एका शहराच्या आत हा प्रश्न जवळपास राहत नाही. अख्ख्या खंडाच्या नकाशात तो राहतो. तिथं धातू हवेतून कसे वाहून जातात त्याच्या गणिती मॉडेलशी ताडून बघतात; शिसं आणि कॅडमियम यांचं त्यातल्या त्यात चांगलं जुळतं.

धूळ: त्याच नमुन्यात ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम मोजतात. हे धातू मुख्यतः मातीतूनच येतात. त्यांच्यावरून मातीचा वाटा काढायचा आणि उरलेलं किती ते बघायचं. आता मजा अशी की जांभ्याच्या सड्यावर लोखंड आणि ॲल्युमिनियम बक्कळ, त्यामुळे कोकणात लोखंडाचा आकडा बघून काही ठरवू नये. गोव्यात खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्यालगत मात्र तोच लोखंडाचा आकडा कामाचा ठरेल, तिथं लाल धूळ हेच प्रदूषण आहे.

---

मुग्धा_ट्रॉन्हेम

मी नॉर्वेत ट्रॉन्हेमला असते, थोडी भर घालते. इथं १९७७ पासून देशभर मॉस गोळा होतं. त्यामागे आइलिव्ह स्टाइनेस या आमच्याच गावच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं फार मोठं काम आहे. इथली जात हायलोकोमियम स्प्लेन्डेन्स. तिची गंमत म्हणजे दरवर्षी आदल्या वर्षीच्या फांदीच्या पाठीवरून नवा मजला उगवतो, त्यामुळे तीन वर्षं मोजायला भिंग लागत नाही, बोटांनी कळतं.

दक्षिण नॉर्वेत ना दाट वस्ती, ना शिशाचे मोठे कारखाने. तरी सत्तरच्या दशकात तिथलं मॉस उत्तरेपेक्षा कितीतरी पट शिसं दाखवत होतं. ते येत होतं नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर, ब्रिटन आणि मध्य युरोपातून. मॉसच्या नकाशावर किनाऱ्यापासून आत आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे रंग फिका होत जातो. 'आमच्या जंगलात तुमचं शिसं' हे शेजाऱ्यांना दाखवायला याहून सोपा कागद नाही.

अगदी ईशान्येच्या टोकाला मात्र चित्र उलटं. तिथं रशियाच्या हद्दीपलीकडे निकेल नावाचंच गाव आहे आणि तिथं निकेल वितळवण्याची भट्टी होती. आमच्या बाजूच्या मॉसमध्ये निकेल आणि तांबं एकदम उसळी घेतं. ती भट्टी २०२० च्या डिसेंबरात बंद झाली.

एक मर्यादा सांगायला हवी. किनाऱ्यालगत समुद्राच्या तुषारांतलं सोडियम-मॅग्नेशियम मॉसवरच्या त्याच जागांसाठी झगडतं आणि काही धातूंना हुसकावून लावतं. म्हणजे किनाऱ्यावरचा आकडा खरोखरीपेक्षा कमी येऊ शकतो. रत्नागिरी-मालवणला कुणी करणार असेल तर हे डोक्यात ठेवा.

बाकी सिगरेटचा नियम ऐकून आमच्या गटातले एक काका दर झुपक्याआधी दूर टेकडीवर जाऊन यायचे. काम दुप्पट वेळ चाललं.

---

टवाळ_टोणगा

> निकेल नावाचंच गाव

आणि आमच्याकडे काचेचा कारखाना नसलेलं काचीगुडा. असो. वाचतोय.

---

विलामेटकाठ

पोर्टलंडमध्येच राहतो, नदीच्या दुसऱ्या बाजूला. २०१६ चा फेब्रुवारी चांगला लक्षात आहे. पर्यावरण खात्यानं स्वतः जाहीर करण्याआधी एका स्थानिक साप्ताहिकानं बातमी फोडली, आणि लोक सगळ्यात जास्त भडकले ते यावरच. संशोधकांनी आकडे दिले होते, यंत्र बसवून झालं होतं, आणि शेजारच्या लोकांना पत्ता नाही. कारखान्याजवळ पाळणाघर होतं. अर्ध्या मैलाच्या आतल्या लोकांना काही काळ परसातली भाजी खाऊ नका असं सांगितलं गेलं. इथं परसात केल नावाची पालेभाजी आणि टोमॅटो लावणं हा जवळपास धर्म आहे, त्यामुळे भाजीची बातमी आर्सेनिकपेक्षा जास्त पसरली. सभांना उभं राहायला जागा नसायची.

कातळसडा यांच्या एका वाक्याला जोडून. 'यंत्र चुकीच्या जागी होतं' याचं कारण असं की तशी यंत्रं साऱ्या शहराची सरासरी कळावी म्हणून बसवतात. कारखान्याच्या कुंपणाला लागून बसवली तर सरासरी बिघडते म्हणून मुद्दाम लांब ठेवतात. हे सगळं नियमाला धरूनच होतं. नियम ज्या प्रश्नासाठी केला तो प्रश्नच वेगळा होता.

पुढे सिॲटलमध्ये दुवामिश खोऱ्यातल्या कामगार वस्त्यांत तिथल्या शाळकरी मुलांनी प्रशिक्षण घेऊन मॉस गोळा केलं. याच वनखात्याच्या लोकांची मदत होती. तज्ज्ञांनी गोळा केलेल्या नमुन्यांशी मुलांचे नमुने ताडूनही बघितले.

---

आण्णा_चंद्रपूर

सर्वांना नमस्कार. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. वरचं वाचून मुद्द्याचं विचारतो. चंद्रपूरला औष्णिक केंद्र, आजूबाजूला कोळसा खाणी, सिमेंट. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. आमच्याकडे मॉस उगवतं ते जुलै ते ऑक्टोबर किल्ल्याच्या परकोटावर आणि जुन्या विहिरींवर. नंतर करपून भुगा. तीन वर्षांची वाढ कुठून आणायची? मुलांना घेऊन काही करता येईल का, की हे थंड देशांचंच काम?

---

कातळसडा

आण्णा, तुमचा प्रश्न या सगळ्या विषयातला आपल्यापुरता खरा प्रश्न आहे. युरोपची पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे चालत नाही. हिमालयात चालते, बरेलीच्या संशोधकांनी गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांतलं स्थानिक मॉस तपासून धातूंचं काम केलेलं आहे. सह्याद्रीत वरच्या भागात, सदाहरित जंगलात खोडांवरचं मॉस वर्षभर तग धरतं, तिथं प्रयत्न करता येईल. विदर्भात नाही. आणि परकोटावरचं मॉस घेऊ नका: एक तर ते दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांत उगवतं, त्यात भिंतीतलंच काय काय येतं. दुसरं, किल्ला संरक्षित आहे.

तुमच्यासाठी मॉसच्या पिशव्या. १९७१ च्या सुमारास वेल्समधल्या स्वॉन्झी खोऱ्यात गुडमन आणि रॉबर्ट्स यांनी हे केलं. तिथं तांबं-जस्ताच्या भट्ट्यांनी अख्खं खोरं इतकं उजाड केलं होतं की तपासायला मॉसच शिल्लक नव्हतं. मग त्यांनी बाहेरून स्वच्छ मॉस आणलं, नायलॉनच्या जाळीत भरलं आणि जागोजागी टांगलं. तुमची अडचण तीच, कारण वेगळं.

यासाठी वापरतात स्फॅग्नम. ऑर्किड लावणाऱ्यांना नर्सरीत वाळलेलं मिळतं ते. आधी सौम्य आम्लानं धुऊन त्यात असलेले धातू काढायचे, शुद्ध पाण्यानं खळखळून घ्यायचं, मग ओव्हनमध्ये वाळवायचं. हो, मारूनच टाकायचं. मेलेलं मॉससुद्धा धातू पकडतं, कारण ते काम पेशीभित्तिकेचं आहे, जिवंत पेशीचं नाही. उलट जिवंत ठेवलं तर एका पिशवीत वाढ होते, दुसरीत नाही, आणि तुलना बिघडते. चंद्रपूरच्या उन्हात याचा फायदाच आहे, जगवायचं टेन्शन नाही. युरोपात २०१२ नंतर मॉसक्लोन नावाच्या प्रकल्पात स्फॅग्नम पॅलस्ट्रेचा एकच क्लोन प्रयोगशाळेत वाढवला, म्हणजे प्रत्येक पिशवीतलं मॉस सारखं. आपल्याला ती चैन परवडणार नाही. निदान एकाच पाकिटातलं, नीट कालवून घेतलेलं वापरा.

---

भट्टीवाला

आण्णा, करणारच असाल तर थोडं माझ्याकडून.

टांगायच्या जागा वाऱ्याची दिशा बघून ठरवा. धुराड्याभोवती गोल काढून चार दिशांना चार पिशव्या, असं करू नका. उंच धुराड्याचा धूर लगतच्या वस्तीवर कमी आणि काही किलोमीटर पुढे जास्त उतरतो. राखेचे ढीग आणि कोळशाची वाहतूक यांची धूळ मात्र जवळच पडते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांच्यासाठी जागाही वेगळ्या घ्या. नाहीतर रस्त्यावरची कोळशाची धूळ मोजून तुम्ही धुराड्याचा आकडा म्हणून सांगाल, आणि समोरचा माणूस पाच मिनिटांत ते दाखवून देईल.

प्रत्येक जागी किमान तीन पिशव्या. तिन्हींचे आकडे एकमेकांपासून फार लांब आले तर त्या जागेबद्दल काही बोलू नका. काही पिशव्या बांधून, सीलबंद डब्यात घरीच ठेवा आणि बाकीच्यांबरोबरच तपासायला द्या. त्यांच्यात जे सापडेल ते मॉसमध्ये आधीपासूनच होतं. लोखंडी खिळा, तार, गॅल्व्हनाइज्ड पत्रा जवळ नको. जस्ताचा आकडा आकाशाला भिडेल. सुतळी किंवा नायलॉनची दोरी वापरा.

माझा मूळ आक्षेप अजून उभा आहे. पण शाळेच्या मुलांनी धातू, वारा आणि मोजमाप एकदम शिकावं यासाठी हे चांगलं आहे, आणि मंडळाला "या गावाजवळ एक यंत्र महिनाभर ठेवा" म्हणायला पुरेसं.

---

कातळसडा

> मंडळाला "या गावाजवळ एक यंत्र महिनाभर ठेवा" म्हणायला पुरेसं

साहेब, मूळ लेखात मी हेच म्हटलंय, तुम्ही सही केलीत म्हणून नोंद घेतली.

---

जुना_पंप

शिशाच्या पेट्रोलवरून. माझ्या वडिलांचा पेट्रोल पंप होता, नंतर मी चालवला. १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. तेव्हा जुन्या स्कूटरवाले 'आमची गाडी खराब होईल' म्हणून त्या नोझलकडे बघायचे नाहीत. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंयुक्त बंदच झालं आणि महिन्याभरात लोक विसरूनही गेले. जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियानं २०२१ मध्ये बंद केलं असं वाचलं होतं.

प्रश्न असा: स्वीडनच्या त्या हर्बेरियमसारखं आपल्याकडे करता येईल का? म्हणजे २००० च्या आधीचं आणि नंतरचं सह्याद्रीतलं मॉस काढून शिसं उतरलं का ते बघणं? पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेचं, मुंबईला झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे.

---

प्रयोगवही

बरेच दिवस नुसती वाचत होते, या प्रश्नावर लिहायलाच हवं. मी धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते.

तत्त्वतः करता येईल. अडचणी तीन. पहिली, नमुना आम्लात विरघळवावा लागतो, म्हणजे तेवढा तुकडा कायमचा जातो. हर्बेरियमचे लोक यासाठी सहजी तयार होत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. आजची यंत्रं मात्र रूलिंग-ट्युलर यांच्या काळापेक्षा कितीतरी कमी मॉसवर काम करतात, त्यामुळे विचारून बघायला हरकत नाही.

दुसरी महत्त्वाची: आपल्याकडे हर्बेरियममधल्या नमुन्यांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावायची पद्धत होती. त्या नमुन्यात पारा मोजणं म्हणजे हवेऐवजी बाटलीतलं औषध मोजणं. काही ठिकाणी आर्सेनिकची संयुगंही वापरली जात. मॉस बहुधा कागदी पाकिटात ठेवतात आणि त्याला कीड कमी लागते, त्यामुळे काही नमुने सुटले असतील, पण गृहीत धरू नये. शिशासाठी हा प्रश्न तितका नाही. तरी पाकिटाचा कागद, जुनी शाई आणि कपाटातली धूळ तपासावी लागेल.

तिसरी, जागा. १९५५ च्या पाकिटावर नुसतं 'खंडाळा' लिहिलं असेल तर ते घाटरस्त्याच्या कडेचं की दरीतलं? शिशाच्या बाबतीत तो फरकच सगळं काही आहे. म्हणून एकाच गावचे, वेगवेगळ्या वर्षांचे पुष्कळ नमुने लागतील.

आण्णांना: प्रयोगशाळेकडून दर मागताना 'हेवी मेटल टेस्ट' एवढंच लिहू नका, पाण्याच्या नमुन्याचा दर येईल. वनस्पतीचा वाळलेला नमुना, नायट्रिक आम्लात मायक्रोवेव्ह पाचन, आणि आयसीपी-एमएसवर (अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणारं यंत्र) तपासणी असं स्पष्ट लिहा. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, निकेल, व्हॅनेडियम, जस्त आणि जोडीला ॲल्युमिनियम मागा, वर धुळीचा हिशोब आलाय त्यासाठी. पारा हवा असेल तर आधी विचारा, त्याला बरेचदा वेगळं यंत्र आणि वेगळे पैसे लागतात. प्रत्येक धातूची किमान किती मात्रा पकडता येते ते लेखी घ्या. आणि मॉसचाच प्रमाणित नमुना, म्हणजे ज्यात किती धातू आहे ते आधीच ठरलेलं असतं असा, बरोबर चालवणार का ते विचारा. फिनलंडमध्ये तयार केलेले एम-टू आणि एम-थ्री नावाचे यासाठीच असतात. नसेल तर निदान दुसऱ्या एखाद्या वनस्पतीचा प्रमाणित नमुना चालवायला सांगा. 'आमचं यंत्र चांगलं आहे' हे उत्तर घेऊ नका.

---

आण्णा_चंद्रपूर

प्रयोगवहीताई, भट्टीवाला साहेब, कातळसडा, सर्वांचे आभार. वर सांगितलेलं वहीत उतरवून घेतलं. दिवाळीनंतर वारा ईशान्येचा होतो तेव्हा पिशव्या टांगायचं मनात आहे. पावसाळ्यातही एक फेरी करावी का? पावसानं पकडलेले धातू धुऊन जातात का?

---

प्रयोगवही

घट्ट बसलेलं शिसं-तांबं फारसं जात नाही. नुसती वर बसलेली धूळ मात्र जोराच्या पावसात निघून जाते आणि मॉसचे तुकडेही जाळीतून गळतात. म्हणून दोन्ही ऋतूंचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून 'पावसाळ्यात हवा चांगली' असं म्हणता येणार नाही. एका ऋतूतल्या जागा एकमेकींशी ताडा. पैसे मर्यादित असतील तर कोरड्या दिवसांतली एकच फेरी करा आणि वाचलेल्या पैशांत जागा वाढवा. पिशव्या टांगण्याआधी प्रत्येक भरलेल्या पिशवीचं वजन लिहून ठेवा, उतरवल्यावर पुन्हा वजन करा.